स्क्रीनशॉट काढून डेटा सुरक्षित होत नाही

घरून काम करणाऱ्यांच्या लॅपटॉपवर दर काही मिनिटांनी स्क्रीनशॉट घेणारं, माउस किती वेळ हलला नाही हे मोजणारं सॉफ्टवेअर बसवायचं आणि त्याला 'डेटा सिक्युरिटी' म्हणायचं, हे आता इतकं रुळलंय की कुणी प्रश्नही विचारत नाही. हजेरी घ्यायची असेल तर घ्या, पण तिला हजेरीच म्हणा. २०२५ मध्ये वर्ककंपोझर नावाच्या अशाच एका अ‍ॅपचे २ कोटी १० लाखांहून जास्त स्क्रीनशॉट इंटरनेटवर उघडे पडलेले सापडले. कर्मचाऱ्यांचे ईमेल, चॅट, कंपन्यांची आतली कागदपत्रं, सगळं त्यात. कुंपणानंच शेत खाल्लं.

खऱ्या चोऱ्या कशा झाल्या ते बघा. मे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कोलोनियल पाइपलाइनला आपली इंधनवाहिनी काही दिवस बंद ठेवावी लागली आणि सुमारे ४४ लाख डॉलरची खंडणी मोजावी लागली. चोर शिरले ते एका जुन्या व्हीपीएन खात्यातून, म्हणजे बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायच्या वाटेवरून. खातं वापरात नव्हतं, पण बंद करायचं राहून गेलं होतं. पासवर्ड फुटलेला, आणि त्यावर ओटीपीसारखी दुसरी पायरी नाही. माणूस नोकरी सोडून गेला की लॅपटॉप लगेच परत मागतात. त्याची खाती मात्र महिनोन् महिने चालू राहतात. एचआरला वाटतं आयटी बघेल, आयटीला कुणी कळवलेलंच नसतं.

लास्टपासचं प्रकरण मला जास्त बोलकं वाटतं. धंदाच पासवर्ड सांभाळण्याचा. अत्यंत महत्त्वाच्या किल्ल्या फक्त चार इंजिनिअरांकडे. २०२२ मध्ये त्यांच्यापैकी एकाच्या घरच्या कॉम्प्युटरवर हल्ला झाला, तोही एका मीडिया सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीतून. त्याचा पॅच, म्हणजे ती त्रुटी बुजवणारा अपडेट, दोन वर्षांपूर्वीच आला होता, त्यानं तो टाकलेला नव्हता. तिथून कीलॉगर, म्हणजे टाइप केलेलं सगळं टिपणारं छुपं सॉफ्टवेअर, बसलं आणि इंजिनिअरनं टाइप केलेला कंपनीच्या तिजोरीचा मास्टर पासवर्ड चोरांच्या हाती लागला. सगळ्यांनी त्या इंजिनिअरला नावं ठेवली. माझा प्रश्न वेगळा आहे: कंपनीची तिजोरी घरच्या कॉम्प्युटरवरून उघडतेच कशी? अपडेट आपोआप होतात, डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे (म्हणजे चोरीला गेली तरी वाचता येत नाही), असा कंपनीचा लॅपटॉप द्यायचा आणि त्याखेरीज कुठूनही लॉगिन होऊ द्यायचं नाही. खर्च आहे, मान्य. पण हा खर्च कर्मचाऱ्याच्या खिशावर आणि जबाबदारी त्याच्या माथ्यावर टाकून मोकळं होता येत नाही.

आता ओटीपीबद्दल. ओटीपी लावला की झालं, असं अजून पुष्कळांना वाटतं. जुलै २०२० मध्ये ट्विटरचे कर्मचारी घरून काम करत असताना त्यांना फोन आले, 'आयटीमधून बोलतोय, तुमच्या व्हीपीएनचा प्रॉब्लेम सोडवतो.' त्या काळात व्हीपीएन रोजच रडायचं, त्यामुळे लोकांना ते खरंच वाटलं. बनावट पानावर पासवर्ड भरला गेला, चोरांनी त्याच क्षणी तो खऱ्या पानावर टाकला, आणि काही जणांनी मोबाइलवर आलेली मंजुरीही देऊन टाकली. पुढे बराक ओबामांच्या खात्यावरूनसुद्धा बिटकॉइनची फसवी जाहिरात झाली. २०२२ मध्ये क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीवर अशाच धर्तीचा डाव टाकला गेला, एसएमएस पाठवून. तिथेही तीन कर्मचारी फसले, त्यांनी पासवर्ड भरला. पण लॉगिनला सिक्युरिटी की, म्हणजे कॉम्प्युटरला जोडायची छोटी किल्ली, लागत होती आणि ती खोट्या वेबसाइटला दाद देत नाही. चोर बाहेरच राहिले. दोन्हीकडची माणसं सारखीच फसली होती. त्यामुळे वर्षातून एकदा पीपीटी दाखवून 'सावध राहा' सांगण्यावर माझा फारसा भरवसा नाही.

दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलायची सक्तीही आता आवरा. मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेनं २०१७ मध्येच सांगितलं की पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदलायला लावा. सक्ती केली की लोक शेवटचा आकडा तेवढा वाढवतात.

आणि फाइल पर्सनल जीमेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर जाते ती बहुतेक वेळा वैतागातून. कंपनीचं शेअरिंग इतकं रडतखडत चालतं की क्लायंट समोर ताटकळत असताना माणूस जवळची वाट धरतो. मग त्याला मेमो! पुढच्या वेळी चुकीच्या लिंकवर क्लिक झालं तर तो तोंड उघडेल का? पहिल्या तासात कळलं तर खातं बंद करता येतं. चार दिवसांनी कळलं तर नुसता पंचनामा उरतो. लॅपटॉप रात्री हरवला तर कुणाला फोन करायचा, हे तुमच्या टीममधल्या नव्या मुलाला विचारून बघा.

बजेट तुटपुंजं असेल तर स्क्रीनशॉटवाल्या अ‍ॅपचं रिन्यूअल थांबवा आणि त्या पैशांत ईमेलचे अ‍ॅडमिन आणि अकाउंट्सवाले यांना सिक्युरिटी की घेऊन द्या. प्रत्येकी दोन, कारण एखादी कधीतरी हरवणारच.