खुलासा : तरवड जमिनीत नत्र भरत नाही

‘तरवड शेंगवर्गीय आहे, त्याच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र पुरवतात, खत लागत नाही’ असा संदेश बागप्रेमींमध्ये फिरतो आहे. ते खरं नाही. तरवडाला शेंगा येतात, पण हरभरा-भुईमुगासारख्या गाठी त्याच्या मुळांवर धरतच नाहीत. तेव्हा शेजारच्या झाडांचं शेणखत बंद करू नका.

तरवड मात्र जरूर लावा! माळरानावरचं हे अस्सल देशी झुडूप एकदा रुजलं की फारसं पाणी मागत नाही. शेळ्याही सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला उत्तम. नवरात्रातल्या माळेची पिवळी फुलं दारातच मिळतात. या फुलांत मध नसतो, नुसता पराग. भुंगे अंग थरथरवून तो झाडून घेतात. जवळ उभं राहून ती गुणगुण ऐकाच. बी टणक असतं, भिजवून पेरा.