बल्ब बदलायला कोण येणार?

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा विषय निघाला की दोनच गोष्टी कानावर येतात. मुलांनी परत यावं, नाहीतर वृद्धाश्रम. मला दोन्ही उत्तरं आळशी वाटतात. कोथरूड-एरंडवण्यातल्या लिफ्ट नसलेल्या जुन्या तीन मजली इमारतींत जरा डोकावून बघा. तिथल्या पुष्कळ जणांना पेन्शन आहे, डोकं शाबूत आहे आणि घर सोडायचं नाहीये. घोडं अडतं ते स्टुलावर चढायला, सिलिंडर बदलायला आणि बँकेत जायला.

आमच्या इमारतीतल्या ८३ वर्षांच्या काकूंचंच घ्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन पटकन उरकलं, खरी परीक्षा नंतर. दोन बाटल्या, दोन थेंबांमध्ये दहा मिनिटांचं अंतर, आणि एका औषधाच्या वेळा दर आठवड्याला कमी करत न्यायच्या. हात थरथरतो, थेंब गालावर. कॅनडातला मुलगा रोज न चुकता व्हिडिओ कॉल करतो, पण तिथून थेंब कसे घालणार? मग एकट्या ज्येष्ठांच्या मदतीला जाणाऱ्या आमच्या गटातल्या काही जणांनी वेळा वाटून घेतल्या. फ्रिजवर ठळक अक्षरात तक्ता लावला, बाटल्यांना लाल आणि हिरवी चिकटपट्टी. काकूंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "चहा मीच करणार. ओट्याला कुणी हात लावायचा नाही."

बरोबरच आहे त्यांचं! आपली हौशी मंडळी उत्साहाच्या भरात लोकांचं स्वयंपाकघर आवरून येतात आणि मग त्या बिचाऱ्यांना हळदीचा डबा सापडत नाही. जेवढं सांगितलंय तेवढंच करावं. पिन, ओटीपी, चेकबुक यांच्या तर वाऱ्यालाही उभं राहू नये. बँकेत सोबत जायचं, पण काउंटरवर बोलणार ते स्वतः.

सरकारी सोयी नाहीत असं नाही. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे. सत्तरीपुढच्यांना बँकेने घरपोच सेवा द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच सांगितलंय. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून होतो, त्यामुळे बोटांचे ठसे झिजलेल्यांची मोठी कटकट वाचते. पण हे आजोबांना सांगणार कोण, आणि मोबाइल समोर धरणार कोण?

म्हणून माझं म्हणणं गणपती मंडळांना आहे. कोणत्या घरात कोण एकटं राहतं, हे वर्गणी मागत फिरणाऱ्या पोरांना पक्कं ठाऊक असतं. १ ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनाला शाल-श्रीफळ देऊन फोटो काढण्यापेक्षा प्रत्येक गल्लीत दोन पोरं नेमा. ठरलेला वार, ठरलेली वेळ, आणि शक्यतो तीच माणसं. दर वेळी नवा चेहरा दारात आला तर कडी कोण काढेल?

तूर्त आम्हाला मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी कुणीतरी हवंय. दुचाकी असेल तर उत्तम. गप्पिष्ट नसलात तरी चालेल, काकू दोघांचं बोलतात. इनबॉक्समध्ये कळवा.