पेढा चावला

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"पेढा चावला," बायको माझ्या आधी बोलली.

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "शुगर किती आहे तुमची?"

त्यांची काही चूक नाही. डोंबिवलीत आजवर माणसंच पेढ्याला चावत आली आहेत. मी मुकाट्याने पँट वर सरकवून टाच दाखवली.

पेढा म्हणजे आमच्याकडचं कुत्र्याचं पिल्लू. अस्सल गावठी, खरपूस तपकिरी, कपाळाच्या मधोमध कुणी बोट दाबून ठेवल्यासारखा खळगा. भर पावसात मुलीने पार्किंगमधल्या स्कूटरखालून उचलून आणला आणि म्हणाली, "बाबा, फक्त आजची रात्र." त्या रात्रीला आता अडीच महिने होतील.

पहिले दोन दिवस तो नुसता झोपला. तिसऱ्या दिवशी त्याला माझ्या पायजम्याची नाडी सापडली. नाडीनंतर पायजमा, पायजम्यानंतर पाय, असा त्याने पद्धतशीर अभ्यास केला. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. 'दुधाचे' या शब्दावर जाऊ नका, सुया परवडल्या. माझे हात बघून ऑफिसात एकीने विचारलं, "गुलाबाची बाग केलीत का?"

आम्ही घरात बेटावरच्या लोकांसारखे राहू लागलो. हॉलमधून स्वयंपाकघरात जायचं तर सोफ्यावरून दिवाणावर, दिवाणावरून खुर्चीवर. खाली पेढा गस्त घालतोय. बायको गाऊनचा घोळ एका हातात आणि आमटीचं पातेलं दुसऱ्या हातात धरून हा प्रवास करायची. मी सरळ माळ्यावरचे गमबूट काढले. ज्या दिवशी ते वाळत घातले होते, नेमकी त्याच दिवशी टाच गेली.

नळाखाली साबणाने १५ मिनिटं धुतली. मग वाटलं, जाऊ दे, घरचंच तर पिल्लू. दवाखान्यात हे बोलून दाखवलं तर डॉक्टर एकदम गंभीर झाले. "रक्त आलंय ना? मग पिल्लू की कुत्रा, घरचं की दारचं, काही बघायचं नाही." पेढ्याच्या स्वतःच्या रेबीजच्या लशीला वयाचे तीन महिने पुरे व्हायचे होते, म्हणून त्याच्याआधी माझा नंबर लागला. पोटातल्या चौदा इंजेक्शनांच्या गोष्टी ऐकत माझी पिढी वाढली आहे. आता दंडात पाचच असतात. शिवाय जखमेभोवती एक वेगळं, ज्याबद्दल मला बोलायचं नाही.

सल्ले मात्र फुकट होते. समोरचे काका म्हणाले, "नाकावर एक टिचकी ठेवून द्या." दिली. त्याला तो खेळ वाटला आणि पुढची टिचकी हवेतच झेलली. प्राण्यांच्या डॉक्टरांनी यावर मलाच झापलं. मारलं की पिल्लू हाताला घाबरतं आणि मग खरंच चावायला शिकतं, म्हणाले. भावंडांत खेळताना जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ मोडतो. त्यातून दात किती लावायचा ते पिल्लाला कळतं. आमच्या पेढ्याची ती शाळा फार लवकर सुटली होती.

म्हणजे आता भावंडं आम्ही. तेव्हा मी हॉलच्या मधोमध "कँई" करून केकाटलो. पेढा आनंदाने वेडा झाला आणि दुप्पट चावला. समोरच्या काकांनी बेल वाजवून विचारलं, "सगळं ठीक ना?"

काही पिल्लांना ओरडण्याने आणखी चेव येतो म्हणे. अशा वेळी हात खेचायचा नाही, पळायचं नाही, त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. "झाड व्हायचं," डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी सव्वाआठची लोकल गाठायची असताना मी दाराशी झाड झालो. हात छातीशी, नजर पंख्याकडे. पेढ्याने एक पायमोजा ओढून पाहिला, दुसरा ओढून पाहिला, थांबला, माझ्याभोवती एक फेरी मारली. मी मनात म्हटलं, जमलं. पण कुत्रा झाडाशी काय करतो हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. पाय वर करायचं त्याचं वय नव्हतं, त्याने बसूनच उरकलं. लोकल चुकली.

खरी परीक्षा संध्याकाळी साडेसातला. दिवेलागणीला त्याच्या अंगातच यायचं. कान मागे, डोळे पांढरे, दिवाणाखालून सुटायचा तो जे समोर येईल त्याचा लचका. "हा आक्रमकच निघणार," असं मी जाहीर करून टाकलं. तेवढ्यात गावाहून आई आली. तिने पाच मिनिटं तो तमाशा पाहिला आणि म्हणाली, "झोपेला आलंय रे ते. दिवसभर त्याला डोळा लागू देता का तुम्ही?"

नव्हतो देत. मुलीच्या मैत्रिणी पेढा बघायला, टीव्ही, बेल, कुकरच्या शिट्ट्या. आणि या वयाच्या पिल्लाला दिवसाकाठी १८ ते २० तास झोप लागते! आईने त्याची टोपली आतल्या खोलीत नेली, वर तिचं जुनं लुगडं टाकलं, दिवा मालवला. दहा मिनिटांत घोरायला लागला.

"तू काय वेगळा होतास?" आई म्हणाली. "दात येताना आत्याच्या दंडाचा तुकडाच काढायचा राहिला होतास. तिने काही गमबूट घातले नाहीत."

आत्याचे दंड झाकलेलेच का असतात, हे मला पन्नाशीत कळलं.

आता फ्रीजरमध्ये मटारशेजारी ओल्या फडक्याच्या गाठी आणि गाजरं असतात. हिरड्या शिवशिवल्या की तो गाजर घेऊन कोपऱ्यात बसतो. परवा बूट घालताना मोज्यात काहीतरी टोचलं. झटकलं तर फरशीवर तांदळाच्या कणीएवढा दात पडला. टोक अजून तसंच. मुलगी म्हणाली, डबीत ठेवू. आई म्हणाली, तुळशीत पूर. बायकोला तो कॅल्शियमचा प्रश्न वाटला.

मी हिशोब केला. २८ मधला एक गेला. पक्के येणार ते ४२.

गमबूट अजून माळ्यावर टाकलेले नाहीत.