निगेटिव्हलाही फ्यूज

बायकोच्या गाडीतल्या सिगारेट लायटरचा फ्यूज मी उडवला, कबूल. पन्नास वॅटचा हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांचा परवान्याचा बिनतारी संच, बोलताना १०-१२ अँपिअर खेचतो, आणि त्या सॉकेटचा फ्यूज निघाला १० चा. माझी दोन वाक्यं झाली आणि तिचं मोबाइल चार्जिंग बंद. मग शनिवारी बुधवार पेठेतून जाड वायर, फ्यूज होल्डर आणले आणि रविवारी थेट बॅटरीवरून सप्लाय घ्यायला पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं.

तिसऱ्या मजल्यावरचे काका टॉर्च घेऊनच उतरले. "मी धरतो. तुम्ही करा."

काका ज्याविषयी बोलतात तिकडे त्यांचा उजेड जातो. जावयाच्या नव्या गाडीचा विषय निघाला आणि मी पाच मिनिटं चाचपडत वायर सोलली.

"हे पोलिसांचं का?"

"नाही काका, हॅम. परीक्षा देऊन परवाना काढलाय."

"मोबाइल नाही तुमच्याकडे?"

२००१ च्या भूजच्या भूकंपात फोन बंद पडले तेव्हा हॅमवाल्यांनीच निरोप पोचवले, हे मी टर्मिनलच्या नटाशी झटत सांगितलं. काकांनी टॉर्च पार्किंगच्या छतावर फिरवली. तडा शोधत असावेत. "इथे कुठे झालाय भूकंप?"

मग त्यांना दुसरा फ्यूज दिसला.

"निगेटिव्हला? अहो, निगेटिव्ह म्हणजे अर्थिंग. त्याला कोणी फ्यूज लावतं?"

"इंजिन बॅटरीच्या निगेटिव्हला जोडणारी अर्थिंगची पट्टी सैल झाली, तर स्टार्टरचा करंट माझ्या वायरमधून परत यायला बघेल. वायर जळेल."

"मग पट्टी घट्ट करा की!"

याला उत्तर होतं. पण तेवढ्यात पाना इंजिनाखाली कुठेतरी पडला आणि उजेड पट्टीवर.

जिन्यातला दिवा दोन महिने गेलेला आहे. चार अर्ज झाले. तिथे टॉर्च घेऊन एक माणूस फिरकत नाही. माझं बॉनेट मात्र सार्वजनिक. असो.

तीन तासांनी वायर डॅशबोर्डखालून आत आली. इंजिन चालू करून मी कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं माझं रेडिओचं नाव, दिला. कात्रजच्या बाजूने लगेच उत्तर! अंगावर काटा आला.

"आवाज स्वच्छ आहे, पण मागे शिट्टी येतेय. अ‍ॅक्सिलरेटर दाबलात की चढते. अल्टरनेटरची दिसतेय."

काका खिडकीत वाकले.

"हेच मी मघाशी म्हणणार होतो," म्हणाले, आणि टॉर्च बंद करून वर गेले. पाना अजून सापडलेला नाही.