दुबईचे विमान आणि विषाणूचा वंशवृक्ष

इंदूरमधील मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश बराच फिरतो आहे. ‘२०२० मध्ये इंदुरात करोना दुबईच्या थेट विमानाने आला, हे जीनोम सिक्वेन्सिंगने सिद्ध झाले आहे, ते एक विमान वेळीच थांबवले असते तर शहर वाचले असते,’ असा त्याचा आशय. इंदूर-दुबई थेट विमानसेवा जुलै २०१९ मध्ये सुरू झाली, एवढा भाग खरा आहे.

पहिला मुद्दा ‘सिद्ध झाले’ या दाव्याचा. जीनोम सिक्वेन्सिंग म्हणजे विषाणूचा जनुकक्रम अक्षर न् अक्षर वाचणे; निरनिराळ्या नमुन्यांचे क्रम ताडून कोणता विषाणू कोणापासून आला असावा, याचा वंशवृक्ष मांडतात. या विषाणूचा जनुकक्रम सुमारे ३०,००० अक्षरांचा असून त्यात महिन्याकाठी सरासरी दोनच बदल टिकतात. संसर्ग एकाकडून दुसऱ्याकडे जायला मात्र साधारण पाच दिवस पुरतात, म्हणजे महिन्याभरात पाच-सहा जणांची साखळी होते आणि त्यातील कित्येकांचा जनुकक्रम तंतोतंत सारखाच निघतो. समजा, इंदूरच्या रामबागेतील एका रुग्णाचा नमुना दुबईतील नमुन्याशी अक्षर न् अक्षर जुळला. तोच क्रम त्या आठवड्यात मुंबईतही फिरत असू शकतो, आणि मुंबईच्या रात्रीच्या बसगाड्या काय कमी आहेत? मुंबईचा तो नमुना कोणी तपासलाच नसेल, तर वंशवृक्षात मुंबईची फांदी दिसणार नाही आणि सगळा ठपका दुबईवर येईल. ज्या देशात तपासणी अधिक, तो देश उगमस्थान म्हणून अधिक वेळा दिसतो. हा या पद्धतीचा जुना दोष असून अभ्यासक तो गृहीत धरूनच निष्कर्ष काढतात.

एक विमान थांबवण्याचा मुद्दा त्याहून कच्चा आहे. भारतातील पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळमध्ये आढळला. वुहानहून केरळमध्ये परतलेल्या सुरुवातीच्या रुग्णांपैकी दोघांच्या विषाणूंचे क्रम पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने काढले, तेव्हा ते एकमेकांहून वेगळे निघाले. म्हणजे अगदी आरंभीही प्रवेश एकच नव्हता. ब्रिटनमध्ये पहिल्या लाटेतील हजारो नमुन्यांवरून एक हजाराहून अधिक स्वतंत्र प्रवेश मोजले गेले. त्यांतील बहुतेक स्पेन, फ्रान्स आणि इटलीहून झालेले होते, आणि ज्या चीनकडे सर्वांचे डोळे लागले होते त्याचा वाटा नगण्य ठरला.

पहिला सापडलेला रुग्ण हाच साथीचे मूळ, हेही धरून चालता येत नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात जानेवारी २०२० मध्ये सापडलेल्या रुग्णापासूनच तेथील साथ पसरली, असे प्रारंभी अनेक शास्त्रज्ञांनाही वाटले होते. पुढच्या विश्लेषणात मात्र ती साखळी तिथेच खुंटल्याची आणि साथ नंतरच्या वेगळ्या प्रवेशातून उभी राहिल्याची शक्यता अधिक ठरली. (ओमायक्रॉनची बातमी दक्षिण आफ्रिकेने प्रथम दिली, पण नेदरलँड्समध्ये त्याआधी घेतलेल्या नमुन्यांतही तो नंतर सापडला.)

ही पद्धत निरुपयोगी आहे, असे मात्र कोणी समजू नये. ब्राझीलमध्ये डासांमार्फत पसरणारा झिका विषाणू २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या पाहुण्यांनी आणला, असा तर्क होता. जनुकक्रमांतील बदलांच्या गतीवरून मागे मोजले असता विषाणू त्या स्पर्धेच्या काही महिने आधीच, म्हणजे २०१५ मध्ये तो ओळखला जाण्यापूर्वी वर्षाहून अधिक काळ, तिथे पोहोचल्याचे दिसले. तेथेही हाती आला तो काळाचा अंदाज आणि पॅसिफिक बेटांकडची दिशा.

इंदूरविषयीच्या संदेशात नमुन्यांची संख्या नाही, तारखा नाहीत, तुलनेला कोणती शहरे घेतली तेही नाही. त्या मार्चमधील मुंबई-दिल्लीचे नमुने त्यात होते का, एवढे तरी तो पुढे पाठवणाऱ्यांनी विचारून घ्यावे.