वेडाशिवाय मोठं चित्र होत नाही म्हणे!

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर रविवारी भांडायला कारण लागत नाही, या वेळी ते पक्याने आणलं. जहांगीर कलादालनात एक प्रदर्शन बघून आला होता. प्रत्येक चित्राखाली चित्रकाराच्या नैराश्याची दोन ओळींची हकिकत. "डोकं फिरल्याशिवाय मोठं काम होत नाही," हा त्याचा निकाल. पुरावा तयारच: व्हॅन गॉगने 'तारांकित रात्र' १८८९ साली मनोरुग्णालयात असताना काढलं.

"तिथे असताना काढलं. वेडाच्या झटक्यात नाही," मंजू म्हणाली. तिची नोकरीच मनोरुग्णांमधली. "झटका आला की आठवडेच्या आठवडे ब्रश बंद. चित्रं झाली ती मधल्या बऱ्या दिवसांत."

पक्या नॉर्वेच्या मुंक या चित्रकारावर गेला. 'किंकाळी', १८९३. त्यावर पेन्सिलीने लिहिलंय की हे वेड्यालाच रंगवता येईल, आणि ते अक्षर मुंकचंच, असं नॉर्वेच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०२१मध्ये सांगितलं. मंजूने पुढची गोष्ट सांगितली: १९०८मध्ये मुंक कोपनहेगनला दवाखान्यात भरती झाला, काही महिने राहिला, आणि त्यानंतर पस्तीस वर्षं रंगवत होता.

"त्यातलं एक तरी आठवतं का कोणाला?" पक्याने विचारलं.

टोला बसला, कबूल. मंजूने ओस्लो विद्यापीठातल्या भिंतीवरच्या मुंकच्या सूर्याच्या चित्राचं नाव घेतलं, पण आमच्यापैकी तो कोणी पाहिला होता?

जेजे कलाशाळेतून शिल्पकला शिकलेला अण्णा इतका वेळ चहात होता. "चित्र एखाद्या रात्रीत होईलही. शिल्पाचं काय? आर्मेचर म्हणजे आतला सांगाडा बांधा, माती चढवा, रोज ओलं फडकं टाका. चार दिवस अंथरुणातून उठलो नाही तर माती तडकते. मग साचा, मग ओतकाम. काही झालं तरी उठावंच लागतं." मग त्याने कामीय क्लोदेलचं नाव काढलं. फ्रेंच शिल्पकार रोदँची शिष्या, स्वतः मोठी शिल्पकार. १९१३मध्ये घरच्यांनी मनोरुग्णालयात टाकली, १९४३मध्ये मनोरुग्णालयातच वारली. मातीला पुन्हा हात लावला नाही. "दुःखातूनच शिल्प निघत असतं, तर त्या तीस वर्षांत गोदाम भरलं असतं."

मला अण्णाचं पटलं. पक्याने चित्रकार तय्यब मेहतांना मध्ये आणलं. १९४७च्या दंगलीत मोहम्मद अली रोडवर खिडकीतून त्यांनी एका माणसाला ठार मारलं जाताना पाहिलं, आणि तो कोसळणारा देह पुढे चित्रांत येत राहिला. पण तो पडता माणूस कॅनव्हासवर उतरायला साठचं दशक उजाडलं. म्हणजे इथेही मधे वर्षं गेलीच.

"मग त्या दोन ओळी कशासाठी?" अण्णा तापला. "लोक चित्र सोडून आजार बघतात."

"माझ्या भावाने त्या ओळी वाचल्या," पक्या म्हणाला, "आणि घरी येऊन पहिल्यांदा तोंड उघडलं. सहा महिने नुसता भिंतीकडे बघत होता."

यावर अण्णाकडे उत्तर नव्हतं. मंजू म्हणाली, "रंग दे त्याला, जरूर दे. पण डॉक्टरही गाठ. तोवर १४४१६ लाव, टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. फुकट आहे, मराठीत बोलतात."

पक्याने नंबर फोनमध्ये घेतला. अण्णा मात्र हटेना: "तरी ओळी चित्राखाली नकोत. बाहेर दाराशी लावा."

"आधी तू एक प्रदर्शन भरव," पक्या म्हणाला, "मग दार कुठे ते ठरवू."