14 फेब्रुवारीला फाशी? मग 20 मार्चचं पत्र कोणी लिहिलं?

14 फेब्रुवारीची सकाळ. तर्री-पोह्यांचा पुडा घेऊन नागपूरच्या महाल भागातल्या घरी आलो, तर आई दारातच उभी. "आज काय तर्री खाऊन राहिला रे? आज भगतसिंगाले फाशी दिली!" आत फोटोला झेंडूचा हार, पुढे समई. मोबाइलवर मावशीचा मेसेज: '14 फेब्रुवारी 1931 ला पहाटे भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना फाशी. इंग्रजांनी मुद्दाम व्हॅलेंटाइनचा दिवस निवडला. हे शाळेत शिकवत नाहीत. खरा भारतीय पुढे पाठवेल.'

दरवर्षी हेच.

फाशी झाली 23 मार्च 1931 ला, सोमवारी संध्याकाळी, लाहोर सेंट्रल जेलमध्ये. बाकी सगळं सोडा, एक पत्र पुरे आहे. 20 मार्चला या तिघांनी पंजाबच्या गव्हर्नरला लिहिलं: तुमच्याच कोर्टानं आम्हाला सम्राटाविरुद्ध युद्ध केल्याबद्दल दोषी ठरवलंय, म्हणजे आम्ही युद्धकैदी, तेव्हा फासावर चढवू नका, गोळ्या घाला. महिनाभरापूर्वी गेलेली माणसं असं पत्र लिहितात होय? दयेचा अर्ज नाही, गोळ्यांची मागणी! आणि आपण गुलाब विकणाऱ्या पोरांशी भांडायला म्हणून तेवढंच खोडून टाकतो. माझं डोकं फिरतं ते इथे.

'मुद्दाम दिवस निवडला' म्हणे. फाशी ठरली होती 24 मार्चच्या सकाळी. लोक खवळतील या धास्तीनं सरकारनं ती आदल्या संध्याकाळीच उरकली आणि मृतदेह रातोरात सतलजकाठी हुसैनीवाल्याकडे नेले. चोरासारखं काम करणारे मुहूर्त कशाला बघतील?

मेसेजची दुसरी आवृत्तीही फिरते: त्या दिवशी शिक्षा सुनावली. तेही नाही. शिक्षा 7 ऑक्टोबर 1930 ची. आणि शाळेत शिकवत नाहीत? 23 मार्चचं भाषण मला चौथीत आईनंच पाठ करून घेतलं होतं.

आता एक कबूल करतो, नाइलाजानं. 14 फेब्रुवारी 1931 ला मदनमोहन मालवीयांनी व्हाइसरॉय आयर्विनकडे फाशी रद्द करण्याची विनंती केली होती. तारखेशी संबंध आहे तो एवढाच.

आईनं सगळं ऐकून घेतलं. हार काही काढू दिला नाही. "मग तर्री थंडी झाली असंन," म्हणाली, आणि गॅस लावला. मेसेज तोवर तिनं भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकून झाला होता.